राहेलबाईंची सकाळची फेरी

रेवदंडा, मंगळवार, ता. २० ऑगस्ट १९३५
घरी इंजेक्शन घेण्याचा आज दुसरा दिवस. नर्सबाई साडेसातला आल्या. स्टो त्याच पेटवतात. पातेलीत सिरिंज आणि सुई वीस मिनिटे उकळली. दहा युनिट, डावी मांडी. मुंगी चावल्याइतकेच. मग अर्ध्या तासाच्या आत जेवायचे, हा नियम.
पहिले दहा दिवस मीच दवाखान्यात जात होते. पायाला वहाणेचा फोड आला, तो डॉक्टरांनी पाहिला आणि चालणे बंद केले. साखरेच्या दुखण्यात पायाला फार जपायचे, म्हणाले. शाळेची रजा दसऱ्यापर्यंत.
नर्सबाईंचे नाव राहेलबाई. यहुदी आहेत, इस्राएल आळीत राहतात. मला मास्तरीणबाई म्हणतात.
ताई जाऊन चार महिने झाले. एवढ्या दिवसांत सकाळच्या वेळी या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज प्रथमच.

गुरुवार, ता. २२
डॉ. स्वतः आले, फोड पाहायला. विचारले, घरात आणखी कुणाला हे होते का. म्हटले, नाही. मग ताई कशाने गेली ते विचारले. सांगितले. चैत्रात वाडीत करवंटीचा तुकडा तळपायात गेला. हळद भरली, पोटिस बांधले. पाय काळा पडत गेला. नवव्या दिवशी गेली. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती.
"तहान फार लागायची त्यांना?"
"हो."
"अंग उतरलं होतं?"
"हो."
बॅग बंद करायला त्यांना उशीर लागला. ओट्यावर गेल्यावर म्हणाले, "तेव्हाच तपासलं असतं तर..." एवढेच.
ताई उशाशी तांब्या घेऊन निजायची. मी हसायचे. म्हणायचे, ताई, उशाशी विहीरच खणून घे.

शुक्रवार, ता. २३
इं. झाले. उजवी मांडी. दिवसभर काही केले नाही.

शनिवार, ता. २४
रा.बाई आल्या, हात धुतले आणि स्टोपाशी नुसत्या उभ्या राहिल्या.
"आज तुम्ही पेटवा, मास्तरीणबाई."
"का?"
"शनवार ना आज. आम्ही विस्तव पेटवत नाही."
"आणि टोचलेलं चालतं?"
"जीव वाचवायला देव आड येत नाही हो. स्टो पेटवायला येतो." आणि हसल्या.
आमच्याकडे स्टो ताई लावायची. मी चूल सांभाळते, पण स्टोला तिच्यामागे हात लावला नव्हता. पिन मारताना भडकला. रा.बाई दोन पावले मागे सरल्या आणि तिथून सांगत राहिल्या, हवा सोडा, हवा सोडा. शेवटी निळी ज्योत आली. सुई उकळायला मीच टाकली, चिमट्याने मीच काढली. टोचले मात्र त्यांनी.
जाताना म्हणाल्या, "अर्धं काम तर आलं की तुम्हाला."

मंगळवार, ता. २७
शेजारच्या काकू कुंपणाशी. "ती शनवारतेलीण रोज येते का ग आत? पाणी कशातून देतेस तिला?" म्हटले, पेल्यातून. काकू माजघराकडे पाहत राहिल्या.
खरे म्हणजे पहिल्या दिवशी मी वेगळी वाटी शोधली होती. ताईने ठेवलीच असती. सापडली नाही, म्हणून पेला दिला. आता रोज तोच देते.
इं. झाले.

रविवार, ता. १ सप्टेंबर
औषधाची नवी बाटली बोटीने मुंबईहून आली. माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली, गळा वर. रा.बाई रोज बाटली दाराच्या उजेडाकडे धरतात, किती उरले ते पाहतात आणि परत वाळूत खुपसतात. एवढीशी बाटली. ताईचे कुंकू याहून मोठ्या डबीत होते. भाऊजी गेल्यावर तीच डबी तिने टाचण्यांना घेतली.

मंगळवार, ता. ३
रा.बाईंनी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळे औषध घालून उकळतात. ऑगस्टात विटकरी रंग आला होता. आज हिरवा. नळी नाचवतच आल्या. "बघा, शेवाळ्यावर आलो. निळं राहिलं की जिंकलो."
डॉ.चा निरोप त्यांच्याबरोबर: हे औषध जन्मभर घ्यायचे आहे, नर्स जन्मभर येणार नाही. बाईंनी स्वतः टोचायला शिकावे.
म्हटले, बघू.

गुरुवार, ता. ५
शिकवणी सुरू. रा.बाईंनी वाडीतली कच्ची पपई तोडून आणली. तिच्यात साध्या पाण्याची सुई. कातडी चिमटीत धरायची, सुई तिरपी, एका दमात आत. मग दट्ट्या हळू. मी बारा वेळा केले. बाराही वेळा नीट.
"पपई बरी झाली हो तुमची," म्हणाल्या. "आता स्वतःवर."
स्वतःवर धरली तेव्हा हात कापला. त्यांनी सुई काढून घेतली आणि पटकन टोचले.

शनिवार, ता. ७
स्टो मी लावला. भडकला नाही. पुन्हा स्वतःवर करायला सांगितले. पुन्हा हात कापला.
"फळ्यावर ओळ काढता ती दोरीने आखल्यासारखी. माझी पुतणी सांगते. आणि इथे बरा हात कापतो."
मी सुई त्यांच्या हातात दिली.

मंगळवार, ता. १०
रा.बाईंची बदली मुरुडला. तिथे बाळंतपणाच्या कामाला बाई हवी आहे. दिवाळी झाली की जाणार. सासूबाईंना दिसत नाही, त्यांनाही नेणार. यजमान मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात, त्यांना काय, मुरुड नि रेवदंडा सारखेच.
सहज सांगितले, सिरिंज पुसता पुसता. मीही सहजच ऐकले.
"म्हणून म्हणते, शिका लवकर. तुमचं झालं की माझी एक काळजी मिटेल. झालं त्याच दिवशी डॉक्टर तुमच्याकडची फेरी बंद करतील. सकाळी दोन घरं जास्त होतील माझी."
म्हणजे शिकले की दुसऱ्या दिवसापासून येणार नाहीत. दिवाळीचीही वाट पाहायची नाही.

बुधवार, ता. ११
हात कापला.

गुरुवार, ता. १२
हात कापला. येथे खरे लिहायचे असेल तर, आज मुद्दाम.

रविवार, ता. १५
पायाचा फोड सुकला. घरात चालते. भिंतीपर्यंत आणि परत.
दुपार फार लांब. शाळेत असते तर आता पाढे. ताई असती तर या वेळी पाट उशाला घेऊन आडवी झाली असती आणि म्हणाली असती, जरा वाच ग काहीतरी. वर्तमानपत्रातले काहीही वाचले तरी चालायचे, बाजारभावसुद्धा. मोठ्याने वाचून किती दिवस झाले.

गुरुवार, ता. १९
वाल भिजवून मोड आणले होते. एकटीसाठी बिरडे कोण करतो, पण डॉ. म्हणाले डाळी-कडधान्य चालेल. साली काढायला बसले तोच रा.बाई आल्या. सिरिंज उकळेपर्यंत त्याही बसल्या. चिमटीत धरला की दाणा सटकन बाहेर. माझ्या दुप्पट वेगाने.
मग ताईचे विचारले. कशी होती म्हणून.
म्हटले, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आधी तिचे यजमान गेले, मग दोन वर्षांनी माझे. वडिलांचे हे घर रिकामे होते. ती म्हणाली, तू शिक, मी रांधते. ट्रेनिंगला पुण्याला गेले तेव्हा एकटी राहिली तीन वर्षे. मग मी नोकरीला लागले, ती रांधत राहिली.
"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं तिला साखर आहे ते."
"नाही."
"कुणालाच नसतं हो."
साली सुपात भरून बाहेर टाकून आल्या. मी तेव्हा म्हणायला हवे होते, की मला ठाऊक असायला हवे होते. शरीरशास्त्र मी मुलींना शिकवते. म्हटले नाही.

शुक्रवार, ता. २७
सर्वपित्री. ताईला वर्ष व्हायचे आहे, म्हणून तिचे पान नाही. काकूंच्या अंगणात कावळ्यांचा गलका.
इं. झाले. उजवी.

सोमवार, ता. ३०
काल-परवा रा.बाईंचे नवे वर्ष होते. आज येताना केळीच्या पानात बांधून हलवा आणला. गव्हाचा चीक, नारळाचे दूध, वर बदाम. ओट्यावरूनच, "मास्तरीणबाई, तोंड गोड करा." मी पुडी हातात घेतली आणि दोघी एकदम थांबलो.
"अगं बाई!" म्हणाल्या. "साखर किती घातलीय! कालपासून बारा घरी वाटत आले, तुमच्याकडेही तशीच..." कपाळाला हात लावून खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला. मीही हसले. चैत्रानंतर प्रथमच बहुतेक.
पुडी परत नेऊ दिली नाही. फडताळात ठेवली.

मंगळवार, ता. १ ऑक्टोबर
हलव्याला मुंग्या. तरी टाकला नाही. संध्याकाळी टाकला.

शुक्रवार, ता. ४
रा.बाई आज बसून बोलल्या. सोमवारी त्यांचा दार लावण्याचा सण. रविवारी दिवस मावळायच्या आत सगळे घरात जातात, दारे लावून घेतात, ती सोमवारी चांदण्या दिसल्यावर उघडतात. पाण्याचा थेंब नाही. पांढरी वस्त्रे. परक्या माणसाशी बोलणे नाही, शिवणे नाही.
"वर्षात हा एक दिवस मी कुणाकडे जात नाही. कुणी मरायला टेकलं तर गोष्ट वेगळी. तुम्ही काही मरायला टेकलेल्या नाहीत."
सोमवारी दसरा. दवाखाना बंद, डॉ. अलिबागला घरी. म्हणजे सोमवारचे इं. माझे मलाच.
"हात कापतो माझा."
"कापू दे. कापतानाही जाते सुई." मग माझ्याकडे पाहिले. "पपईवर कापत नाही, ते मी पाहिलंय."

रविवार, ता. ६
उद्याची तयारी रा.बाईंनी करून दिली. सुई नवी. साखरेचा खडा ताटलीत, औषध घेऊन घाम सुटला, हात लटपटला तर तोंडात टाकायला. सगळे परत परत म्हणून घेतले माझ्याकडून, मी मुलींकडून घेते तसे.
"आधी?"
"उकळणं."
"मग?"
"बाटलीच्या बुचाला स्पिरिट. दहाच्या रेघेपर्यंत ओढणं. हवा काढणं."
"मग?"
"टोचणं."
"मग?"
"जेवणं."
"हे विसराल तर पंचाईत. टोचून उपाशी राहायचं नाही. न टोचता भात हाणायचा नाही."
चार वाजता घाईने गेल्या. त्यांना दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे होते.

सोमवार, ता. ७. दसरा
साडेसातला स्टो लावला. उकळले. ओढले. दहाची रेघ. हवा काढली. मांडी पुसली. चिमटीत धरली.
हात कापला नाही.
तरी टोचले नाही. किती वेळ बसले कोण जाणे. सुई निवली असेल, परत उकळली. परत बसले. ताईला एकदाही कुणी विचारले नाही, घेतेस का म्हणून. असते तर तिने घेतलेही असते, ती घाबरट नव्हती. माझ्या हातात आहे, आणि मी घेत नाही. का घेत नाही ते मला ठाऊक आहे. घेतले की उद्यापासून साडेसातला कोणी येणार नाही.
न टोचता जेवायचे नाही म्हणून जेवले नाही. इस्राएल आळीतही आज सगळे उपाशी.
चारच्या सुमारास शाळेतल्या पाच-सहा मुली आपट्याची पाने घेऊन. "बाई, सोनं घ्या!" "बाई, तुम्ही वाळलात." "ए, असं सांगतात का?" "बाई, नव्या बाई पट्टी मारत नाहीत, पण त्यांना गणित येत नाही." सोमवारपासून येते म्हटले. पळाल्या.
त्या गेल्यावर मी सिरिंज मोरीवर नेली आणि दहा युनिट मोरीत सोडले. कारण उद्या रा.बाई बाटली उजेडाकडे धरतील.
पाटी पुसून खोटे सांगणाऱ्या मुलीला मी बोटांवर पट्टी मारते.

मंगळवार, ता. ८
रा.बाई दारातूनच. गळा बसलेला, डोळे ओढलेले, पण प्रसन्न. बाहेर टांगा उभा.
"काल घेतलंत?"
"घेतलं."
आत आल्या, बाटली धरून पाहिली. "बरोब्बर. शाब्बास, मास्तरीणबाई!" माझ्या पाठीवर थापच मारली. "मग आजचंही तुमचं तुम्हीच. थेरोंड्याला अडलेली बाई आहे, मला एक क्षण नाही. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवते, बाई पास झाल्या म्हणून."
मी म्हटले, "राहेलबाई..."
"काय?"
"काही नाही. सावकाश जा."
टांगा वळणावर जाईपर्यंत उभी होते.
आजचे घेतले नाही. काल नुसते खोटे वागले, आज बोललेही.

बुधवार, ता. ९
साडेसातला स्टो लावला. पाणी आटेपर्यंत उकळले. सुईला पांढरी पुटे.
घेतले नाही. भाकरीचा तुकडा खाल्ला, राहवले नाही. तहान. दुपारपर्यंत माठ निम्मा केला. पाय जड.
काल रात्री उशाशी तांब्या घेतला होता. ठेवून झाल्यावर कळले कुणासारखा ठेवला ते.
तीन दिवस होतील उद्या. ताईचे कितव्या दिवशी काय झाले ते मला ओळीने आठवते आहे.
चिठ्ठी लिहिली, "मी सोमवारी घेतले नव्हते." कोणाबरोबर पाठवणार? काकूंबरोबर नाही. फाडली.

गुरुवार, ता. १०
सकाळी सिरिंजची डबी, बाटली ओल्या फडक्यात, स्पिरिट, सगळे पिशवीत घातले आणि निघाले. पावणेदोन महिन्यांनी रस्त्यावर. दोनदा कुंपणाला टेकले. इस्राएल आळी बाजाराच्या मागे. विचारत गेले.
रा.बाई घरी नव्हत्या. पडवीत सासूबाई नारळाच्या हिरांचा खराटा बांधत बसलेल्या. डोळे पांढरे, हात मात्र भराभर चाललेले.
"कोन हाय ग?"
"मी. मुलींच्या शाळेतली बाई."
"हां, सुईवाली! ये, वर ये. राहेल न्हाय. थेरोंड्याची अजून सुटली न्हाय, परवाधरनं तिथंच हाय ती. काय काम व्हतं?"
म्हटले, काही नाही, असेच.
"असंच कोन येतंय एवढ्या सकाळचं?" खराटा बाजूला ठेवला. "परवा जाताना टांगा दारात थांबवून राहेल लई तारीफ करीत व्हती. म्हनली, आमची मास्तरीणबाई येका दिसात शिकली."
मी ओट्यावर बसले. त्यांना दिसत नव्हते म्हणून की काय, तोंडातून निघून गेले, "नाही शिकले. खोटं सांगितलं तिला. तीन दिवस झाले, घेतलं नाही."
म्हातारीने हात पदराला पुसले.
"का ग?"
"घेतलं की ती यायची बंद होईल."
हे मी कुणाला सांगेन असे वाटले नव्हते.
"व्हय," म्हणाल्या. जणू मी भाव सांगितला भाजीचा. मग म्हणाल्या, "सुई आनली का संगं?"
"आणलीय."
"मंग चूल पेटलेली हाय. आत जा, पातेली उजव्या हाताला. पानी घाल."
त्यांच्या चुलीवर उकळले. बाहेर येऊन त्यांच्यासमोर पाटावर बसले. म्हातारी माझ्या बाजूला तोंड करून, मान जरा वाकडी, ऐकत. दहाची रेघ. हवा. चिमटी. एका दमात.
गेली. काहीच झाले नाही. पपईसारखेच. दट्ट्या हळू.
"झालं?"
"झालं."
"दुखलं का ग?"
म्हटले, "थोडं." हे मला किती महिन्यांत कोणी विचारले नव्हते. दुखले नव्हते खरे म्हणजे.
पदराने तोंड पुसून निघायला उठले. म्हातारी म्हणाली, "अन् जेवन?"
ते मी विसरले होते. इथून घर पाऊण तास, माझ्या पायांनी. अर्ध्या तासात जेवायचे. टोचून उपाशी राहायचे नाही.
"राहेल मला रोज सांगती, सुईवाल्या मानसाला उपाशी सोडू नको. मला काय, मला पाठ झालंय. बस."
चाचपत आत गेल्या. तांदळाची भाकरी, बोंबलाचे कालवण, कालचे. ताट माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "आमच्यातलं चालतंय न्हवं तुला?"
ताईला चालले नसते. काकूंना कळले तर गावभर होईल.
"चालतं," म्हटले.
अर्धी भाकरी खाल्ली. कालवण आंबट, कोकम जास्त. त्या समोर बसून राहिल्या, स्वतः जेवल्या नाहीत, फक्त मधून मधून, "घे आनखी." माझ्यासमोर बसून कोणी असे "घे" म्हणायला चैत्रापासून नव्हते.
निघताना विचारले, "राहेलला सांगू का?"
मी पायात वहाणा घालत होते. घातल्या आणि ओटा उतरले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

शुक्रवार, ता. ११
घरी घेतले. उजवी मांडी. एकदाच. कालच्या जागी थोडे निळे आहे, चवलीच्या नाण्याएवढे.
सात ते साडेआठ दार उघडे होते. कोणी आले नाही. थेरोंड्याच्या बाईची सुटका झाली, मुलगी झाली, असे काकूंनी सांगितले. म्हणजे रा.बाई काल संध्याकाळी घरी आल्या असणार.
तहान कमी.

शनिवार, ता. १२
डॉ.ची चिठ्ठी. अभिनंदन, सोमवारपासून शाळेस हरकत नाही, पंधरा दिवसांनी तपासणीला यावे. नर्सची फेरी बंद केली आहे.
इं. घेतले. डावी. बिरडे केले, थोडे जास्त झाले, काकूंना वाटीभर दिले. त्यांनी वाटी घेतली. आळीतले त्यांना अजून कळलेले नसावे.
म्हातारीने सांगितले की नाही, कळायला मार्ग नाही. सांगितले असेल तर रा.बाई रागावल्या असतील. नसेल सांगितले, तर मी पास आहे. कुठले बरे, ते मला ठरवता येत नाही. दिवाळीला चौदा दिवस, मग त्या दोघीही मुरुडला.
शाळेचा नेहमीचा रस्ता वाडीतून, दहा मिनिटांचा. सोमवारी बाजारामागून, इस्राएल आळीवरून जायचे ठरवले आहे. त्या रस्त्याने पाऊण तास लागतो. शाळा साडेदहाची, म्हणजे पावणेदहाला घरून निघायला हवे.